प्रतिनिधी कोणाचा?
(अप्पासाहेब पंत यांची शिष्टाई)



राजदूताच्या कामाला आपल्या भाषेत एक जुना आणि नेमका शब्द आहे. तो म्हणजे शिष्टाई. हा शब्द उच्चारला की कृष्णशिष्टाई आठवते. पाच गावांची मागणी घेऊन श्रीकृष्ण कौरवांच्या सभेत गेले, ती मागणी धुडकावली गेली आणि अखेर युद्ध झाले. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले तर ती शिष्टाई फसली. तरीही कीर्तनकार ती शतकानुशतके रंगवून सांगत आले आणि आपण ती ऐकत आलो. याचे कारण उघड आहे. दूताची योग्यता त्याने पदरात काय पाडून घेतले एवढ्यावरच आपण ठरवीत नाही. तो कोणाची बाजू घेऊन गेला आणि ती भरसभेत न कचरता त्याने मांडली की नाही, हेही आपण पाहतो.

विसाव्या शतकातील राजदूत म्हटले म्हणजे वाचकवर्गाला बहुधा अमेरिकन नावे आठवतात, आणि ते साहजिकही आहे. जॉर्ज केनन यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोहून आपल्या सरकारला हजारो शब्दांची एक तार केली आणि त्या तारेने अमेरिकेच्या पुढील अनेक वर्षांच्या धोरणाला वळण दिले. हेच केनन १९५२ साली राजदूत होऊन मॉस्कोस गेले. परंतु बर्लिनच्या विमानतळावर ते एक कडवट वाक्य बोलून बसले आणि सोविएत सरकारने त्यांना परत पाऊल टाकू दिले नाही. दुसरे चेस्टर बोल्स. ते दिल्लीत दोनदा राजदूत होते आणि आपली मुले त्यांनी दिल्लीतल्या शाळेत इथल्या मुलांबरोबर बसविली. ही माणसे मोठी होती यात शंका नाही. परंतु ज्या वर्षांत केनन मॉस्कोला नकोसे झाले, त्याच वर्षांत आफ्रिकेतील इंग्रजी अंमलाला एक मराठी माणूस नकोसा झाला होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव अप्पासाहेब पंत. सातारा भागातील औंध संस्थानच्या राजांचे ते चिरंजीव. १९४८ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, त्यांनी नैरोबी, गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन आणि रोम अशा सात ठिकाणी भारताची शिष्टाई केली. आज त्यांच्याविषयी बोलावे असे मी योजिले आहे.

औंधच्या राजघराण्याचे आडनाव पंतप्रतिनिधी. ‘प्रतिनिधी’ हे मुळात मराठेशाहीतील एक पद. राजाराम महाराज जिंजीला असताना प्रल्हाद निराजी यांच्यासाठी हे पद नव्याने निर्माण झाले आणि पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आले. छत्रपतींच्या जागी उभे राहून त्यांच्या वतीने बोलायचे व करायचे, असा त्या पदाचा अर्थ. म्हणजे हे घराणेच दुसऱ्याच्या वतीने उभे राहण्याच्या कामातून वर आलेले. मात्र प्रतिनिधी कोणाचा, वरच्याचा की खालच्यांचा, हा प्रश्न या पदाच्या पोटातच दडलेला आहे. अप्पासाहेबांच्या सबंध आयुष्यावर या प्रश्नाची छाया पडलेली दिसते.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२ चा. वडील बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे संस्थानिकांत वेगळेच गृहस्थ होते. ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत. सूर्यनमस्काराचा प्रसार हे तर त्यांचे जीवितकार्यच होऊन बसले होते. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान मिळाले ते याच संस्थानात आणि तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळही पुष्कळ वर्षे औंधलाच होते. संस्थान मात्र लहान. सारी मिळून ७२ गावे, आणि तीही सलग नव्हेत. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ अशी चार ठिकाणी विखुरलेली.

अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९३७ साली परत आले. त्या सुमारास मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर बंगळूरला नोकरीस होते. गांधीजींच्या विचाराने भारावलेला हा माणूस पुढे भारतानंद या नावाने ओळखला जाऊ लागला. मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारे फ्रीडमन ते हेच. बाळासाहेब, अप्पासाहेब आणि फ्रीडमन या तिघांनी मिळून एक धाडस केले. राजाने आपली सत्ता रयतेच्या स्वाधीन करायची. नोव्हेंबर १९३८ मध्ये तशी घोषणा झाली. राज्यघटनेचा मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये ती घटना अमलात आली.

श्रोतेहो, हा महिना ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९३८ च्या अखेरीस आपल्या मराठवाड्यात काय चालले होते? आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट जन्मण्यापूर्वीच बंदी आली होती. ऑक्टोबरात स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह करून तुरुंग पत्करला. औरंगाबादेस आणि हैदराबादेस विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना शाळा-महाविद्यालयांतून बाहेर काढण्यात आले. एका संस्थानात गीत गाणे हा गुन्हा ठरत होता आणि त्याच महिन्यांत दुसऱ्या संस्थानात राजा आपण होऊन गादीवरून अर्धा खाली उतरत होता. हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य संस्थान, आणि औंध कोणाच्या खिजगणतीतही नव्हते. पण सत्ता सोडण्याचे शहाणपण लहानाला सुचले. थोराला ते १७ सप्टेंबर १९४८ ला फौजेच्या तोंडून ऐकावे लागले.

औंधची घटना कशी होती, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. पाया गावचा. प्रत्येक गावाने आपली पंचायत निवडायची. पंचायतींच्या सरपंचांची मिळून तालुकासमिती आणि तालुकासमित्यांनी निवडलेल्या सभासदांचे विधिमंडळ. मतदाराला लिहितावाचता आले पाहिजे, ही गांधीजींची सूचना होती. त्यामुळे मतासाठी अक्षरओळख करून घेण्याची निकड गावोगाव उत्पन्न झाली. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत निघाली. जबर शिक्षा झालेले कैदी तेथे कुंपणावाचून, बेड्यांवाचून शेती करून राहत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या बोलपटाचे मूळ याच प्रयोगात आहे. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. अप्पासाहेब या सगळ्यात पुढे होते. प्रथम मंत्री म्हणून आणि नंतर संस्थानचे पंतप्रधान म्हणून त्यांनी कारभार पाहिला. गावच्या पारावर बसायचे, पंचायतीतले तंटे ऐकायचे, आणि राजपुत्र असूनही सरपंचाला आपल्या मताविरुद्ध निर्णय करू द्यायचा, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. ऑक्सफर्डने त्यांना भाषा दिली असेल, परंतु ऐकून घेण्याची सवय दिली ती आटपाडीच्या आणि कुंडलच्या लोकांनी.

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. प्रयोग नऊ वर्षांत आटोपला. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले कमिशनर म्हणून पाठविले. ठाणे नैरोबीला. कार्यक्षेत्र केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांजिबार. पुढे मध्य आफ्रिकेतील इंग्रजी मुलूख आणि बेल्जियन काँगो हेही त्यांच्याकडे आले. वय अवघे छत्तीस. बरोबर पत्नी नलिनीबाई, ज्या स्वतः निष्णात शल्यवैद्य होत्या.

आता हा मुलूख कसा होता ते पाहू, म्हणजे त्यांच्या कामाची अडचण आपल्या ध्यानात येईल.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात रेल्वे बांधली. ती बांधायला सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीन वर्षांच्या करारावर नेले होते. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिकडेच मेले. कोणी तापाने, कोणी अपघाताने, आणि त्सावोच्या सिंहांनी ओढून नेलेल्यांची कथा तर प्रसिद्धच आहे. परमुलखात जाऊन पोट भरणे म्हणजे काय, हे पाटोद्याच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पोराबाळांसह कारखान्यांच्या वाटेला लागतात, हे आपण दरसाल पाहतो. कराराने बांधलेला माणूस कोणत्याही खंडात सारखाच. पण त्या ३२ हजारांपैकी सहासात हजार मागे राहिले, त्यांच्यामागून गुजराती व्यापारी आले, गोव्याचे कारकून आले, थोडे मराठी शिक्षक आणि नोकरदारही आले. पन्नास वर्षांत एक नवा समाज उभा राहिला. जंगलातल्या शेवटच्या गावापर्यंत त्यांची दुकाने पोचली.

या समाजाची जागा मोठी चमत्कारिक होती. वर मूठभर गोरे. उंचावरची थंड, सुपीक जमीन त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली, तिथे हिंदी माणसाला जमीन घेता येत नसे. खाली पन्नास लाखांवर आफ्रिकन. त्यांच्या जमिनी गेलेल्या, आणि कामाला जायचे तर ओळखीचा दाखला गळ्यात अडकवून फिरावे लागे. मधे लाखभराच्या आत-बाहेर हिंदी. गोऱ्यांनी अपमान करावा, आणि आफ्रिकन गिऱ्हाइकाला तोच अपमान आपल्या दुकानदाराने पुढे पोचवावा, असे तेथे चालत आले होते. हे बोलायला कटु आहे, परंतु ते खरे होते.

तेव्हा स्वतंत्र भारताच्या पहिल्या प्रतिनिधीने तिथे काय करावे, असे या हिंदी समाजाला वाटत असेल? आपला माणूस आला, आता तो गोऱ्यांशी भांडून आपल्याला गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिळवून देईल, असेच वाटणार. अप्पासाहेबांनी नेमके वेगळे सांगितले. नेहरूंचे धोरणच तसे होते. हा देश आफ्रिकनांचा आहे, तुम्ही त्यांच्या घरी राहता, त्यांच्या हिताच्या आड येईल असा एकही हक्क मागू नका, त्यांच्या लढ्यात त्यांच्याबरोबर राहा. हे ते गावोगावच्या हिंदी सभांतून सांगत फिरले. आपल्याच लोकांना न आवडणारी गोष्ट सांगण्यासाठी सरकारने पाठविलेला प्रतिनिधी विरळाच!

आणि केवळ सांगून ते थांबले नाहीत. नैरोबीत त्यांच्या घराचे दार आफ्रिकन माणसाला समोरून उघडे होते. ज्या शहरात आफ्रिकन माणूस गोऱ्याच्या घरी केवळ नोकर म्हणून मागल्या दाराने शिरे, तिथे जोमो केन्याटा आणि पीटर कोइनांगे यांच्यासारखे पुढारी भारताच्या प्रतिनिधीच्या पंक्तीला जेवायला बसत. भारत सरकारने आफ्रिकन विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठांत शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांच्यासाठी मुले हेरण्याचे काम अप्पासाहेबांनी मन लावून केले. गांधीजींच्या हत्येनंतर तिकडच्या हिंदी लोकांनी स्मारकासाठी निधी उभारला. केवळ हिंदी मुलांचे महाविद्यालय काढण्याऐवजी तो निधी सर्व वंशांच्या मुलांना खुल्या असलेल्या तंत्रमहाविद्यालयाला मिळाला. तीच संस्था पुढे वाढून नैरोबी विद्यापीठ झाली. औंधच्या पंचायतीचा संस्कार इथे दिसतो. ज्याचे गाव त्याचा कारभार, आणि बाहेरच्याने मदत करायची ती त्याला शहाणे करण्यापुरती.

हे इंग्रजांना खपणारे नव्हतेच. राजदूताने सरकारशी बोलावे, रयतेशी संबंध ठेवू नये, असा त्यांचा शिरस्ता. गोऱ्या मळेवाल्यांची वृत्तपत्रे अप्पासाहेबांवर तुटून पडली. गव्हर्नरच्या तक्रारी लंडनला आणि लंडनच्या दिल्लीला जाऊ लागल्या. २० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी पुकारली गेली. माऊ माऊ नावाने ओळखला जाणारा उठाव आणि त्याचे अतिशय निर्घृण दडपण सुरू झाले. केन्याटांना पकडून कापेनगुरिया या आडगावी त्यांच्यावर खटला भरला. त्या खटल्यात बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. तिकडचे अच्छरू कपिला, जसवंतसिंग आणि गोव्याच्या कुळातले फिट्झ डिसूझा हे वकीलही उभे राहिले. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. अप्पासाहेबांचीच या उठावाला फूस आहे, असा बोभाटा गोऱ्यांनी केला. वस्तुतः नेहरूंनी आणि त्यांनी हिंसेचा कधी पुरस्कार केला नव्हता. पण ज्याच्या घरी केन्याटा जेवतो तो निर्दोष कसा, असा तो न्याय होता. दिल्लीने काही काळ आपल्या माणसाची पाठराखण केली. अखेर १९५४ च्या आरंभी अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी पद्म पुरस्कार सुरू झाले आणि पहिल्याच वर्षीच्या पद्मश्रींत त्यांचे नाव होते. एका सरकारने ज्या कामासाठी माणूस नकोसा ठरविला, त्याच कामाची दुसऱ्या सरकारने अशी नोंद केली.

यानंतरची त्यांची कारकीर्द लांबलचक आहे. तिच्यातील मोजकेच प्रसंग सांगतो.

१९५५ पासून १९६१ पर्यंत ते गंगटोकला होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधील भारताच्या ठाण्यांचे काम तिथून चाले. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू नथू ला खिंड ओलांडून, चुंबीच्या खोऱ्यातून, घोड्यावरून आणि पायी भूतानला गेले, त्या प्रवासात अप्पासाहेब बरोबर होते. निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तिबेटात वणवा पेटला आणि मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आश्रयाला आले. निर्वासितांच्या सोयीसाठी ज्या माणसांनी हाडाची काडे केली त्यांत औंधचे फ्रीडमन पुन्हा दिसतात. जुने सोबती असे कुठे कुठे भेटतात!

१९६१ साली अप्पासाहेब जकार्ताला गेले. पुढच्याच वर्षी तिथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. तेव्हा या स्पर्धांना आशियाई म्हणता येणार नाही, अशी भूमिका आपले गुरुदत्त सोंधी यांनी घेतली. ३ सप्टेंबर १९६२ रोजी संतप्त जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना. सारे मैदान आपल्या मुलांविरुद्ध ओरडत असताना त्यांनी दक्षिण कोरियाला २-१ असे हरविले. सोंधी नियमाने बरोबर होते, परंतु त्या बरोबर असण्याची किंमत वकिलातीला मोजावी लागली. राजदूताच्या नशिबी अशी कामे पुष्कळ असतात. बोलतो दुसरा, आणि दगड येतात ते त्याच्या खिडकीवर.

नॉर्वेनंतर ते कैरोला होते. जून १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध त्यांनी तिथून पाहिले. १९६९ ते १९७२ ते लंडनला भारताचे हायकमिशनर होते. ८ जानेवारी १९७२ च्या सकाळी पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान अचानक लंडनला उतरले, तेव्हा हॉटेलात जाऊन त्यांना भेटण्याचे भाग्य अप्पासाहेबांना लाभले. एका नव्या राष्ट्राचा नायक कैदेतून राजधानीकडे निघालेला; हे दृश्य पाहताना त्यांना कापेनगुरियाचा केन्याटा आठवला नसेल काय? केन्याटाही त्यापूर्वीच कैदी होऊन गेला होता आणि १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झालेल्या केनियाचा नायक होऊन बसला होता.

परंतु त्याच १९७२ साली अप्पासाहेबांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रश्न त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने हुकूम काढला की हिंदी वंशाच्या लोकांनी नव्वद दिवसांत चालते व्हावे. दुकाने, घरे, कारखाने सोडून ती कुटुंबे एकेका पेटीनिशी निघाली. त्यांतली सुमारे २७-२८ हजार माणसे इंग्लंडला आली. लंडनमधील अप्पासाहेबांच्या कारकिर्दीचे ते अखेरचे दिवस होते. ज्या समाजाला त्यांनी वीस वर्षांपूर्वी, आफ्रिकनांशी एकरूप व्हा, असे सांगितले होते, त्याच समाजातील माणसे आता निर्वासित होऊन विमानतळावर उतरणार होती.

मग अप्पासाहेबांचा उपदेश चुकला काय? या प्रश्नाला बगल देऊन त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टीकाकार दोन गोष्टी म्हणतात. पहिली अशी की, पाचसहा वर्षांनी बदलून जाणाऱ्या राजदूताला उपदेश सोपा असतो. दुकान चालवायचे, मुलीबाळी वाढवायच्या, वर गोऱ्या अधिकाऱ्याची मर्जी आणि खाली गिऱ्हाइकाचा राग सांभाळायचा, हे ज्याला जन्मभर करायचे असते त्याने काय करावे? दुसरी अशी की, भारताला जगात आफ्रिकेचा मित्र म्हणून मिरवायचे होते, आणि त्या कीर्तीची किंमत परदेशातल्या आपल्या माणसांकडून वसूल झाली.

या आक्षेपांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. व्यापारी समाजाच्या पायाखालची वाळू किती सरकती होती, हे दिल्लीला पुरेसे कळले नव्हते. अमीनने तर ज्यांनी युगांडाचे नागरिकत्व घेतले होते अशा पुष्कळांची कागदपत्रेही खोटी ठरविली. तिथे एकरूप झालेला आणि न झालेला, दोघेही सारखेच भरडले गेले. हुकूमशहापुढे कोणाचाच सल्ला चालत नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहा. अप्पासाहेबांनी सांगितलेल्या वाटेने गेलेली माणसे होती. पिओ गामा पिंटो हा गोव्याच्या कुळातला, नैरोबीत जन्मलेला तरुण. भारतात शिकून गोव्याच्या मुक्तीसाठी खटपट करून तो परत गेला, केनियाच्या लढ्यात त्याने स्थानबद्धता भोगली, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडला. तिकडे त्याला आजही केनियाचा हुतात्मा म्हणतात, परका म्हणत नाहीत. वडील गोव्याचे आणि आई मासाई असलेले जोसेफ मुरुंबी १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. १९६८ च्या सुमारास केनियातूनही पुष्कळ हिंदी लोक निघून गेले हे खरे. पण जे राहिले, ज्यांनी त्या मातीला आपले म्हटले, त्यांना २०१७ साली केनिया सरकारने देशातील ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. बेचाळीस-त्रेचाळीस आफ्रिकन जमातींच्या पंक्तीला आपल्या माणसांचे पान मांडले गेले. नैरोबीतल्या त्या घरात आफ्रिकन पाहुण्यांसाठी जी पंक्ती १९४८ साली बसली होती, तिचीच ही उलटफेड म्हणावी काय? निदान तिचा काही अंश त्यात आहे, असे मला वाटते.

आणखी एक विचार मनात येतो. समजा, अप्पासाहेबांनी त्या काळी सोपी वाट धरली असती. गोऱ्यांशी तडजोड करून हिंदी लोकांना दोनचार जागा, थोडी जमीन मिळवून दिली असती, तर सत्कार, हारतुरे यांना तोटा नव्हता. परंतु १९६३ नंतर ती जमीन आणि त्या जागा आपल्या लोकांच्या गळ्यातल्या धोंडा झाल्या असत्या. आज न आवडणारे पण उद्या उपयोगी पडणारे सांगणे, हे वैद्याचे काम आहे तसेच प्रतिनिधीचेही आहे.

इथे मी मघाच्या प्रश्नावर येतो. प्रतिनिधी कोणाचा? वरून हुकूम आला की खाली पोचवणारा तो जासूद. आणि खालून ओरड झाली की तीच वर नेऊन ओरडणारा तो मुखत्यार. या दोहोंचीही गरज असते. पण प्रतिनिधी याहून थोडा निराळा. जे त्याला निवडतात किंवा ज्यांच्यासाठी तो पाठविला जातो, त्यांच्या तोंडावर त्यांची चूक सांगण्याची हिंमत त्याच्यात असली पाहिजे, आणि ती ऐकून घेण्याइतका त्याच्यावर विश्वास लोकांनी टाकला पाहिजे. अप्पासाहेबांना ही हिंमत कशाने आली? त्यांच्या घराण्याने स्वतःची सत्ता आधी सोडली होती म्हणून. ज्याने औंधात स्वतःच्या हक्कावर पाणी सोडले, त्याने नैरोबीच्या व्यापाऱ्याला विशेष हक्क मागू नका म्हटले, तर त्या शब्दाला वजन येते. न सोडता सोडायला सांगणाऱ्याचे कोण ऐकतो?

आपल्या गावात प्रतिनिधी हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत फार ऐकू येतो. प्रत्येक उमेदवार आपल्याला हवे तेच बोलतो, कारण आपण दुसरे काही ऐकायला तयार नसतो. पाणलोटाच्या कामासाठी आपल्या शिवारातली दोन गुंठे जमीन सोडा, असे जो स्वतःच्या भावकीला सांगेल, त्याला आपण मत देऊ काय? मांजरेचा उगम आपल्याच तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. तरी उन्हाळा आला की घागरी घेऊन वणवण सुटत नाही. अशा मुलखात कडू बोलणाऱ्या प्रतिनिधीची गरज नैरोबीपेक्षा काकणभर जास्तच आहे.

१९७५ साली अप्पासाहेब रोमहून निवृत्त झाले. पुढे त्यांनी आठवणींची पुस्तके लिहिली. १९८९ साली निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकात त्यांनी वडिलांची आणि औंधच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. सात राजधान्या पाहून आलेल्या माणसाला उतारवयात लिहावेसे वाटले ते ७२ गावांच्या त्या संस्थानाविषयी! १९९२ साली त्यांचे निधन झाले. औंधच्या डोंगरावर यमाईचे देऊळ आणि बाळासाहेबांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आहे. आपल्यापैकी कोणी त्या बाजूला गेले तर चित्रे जरूर पाहावीत, परंतु खाली आटपाडीकडे जाऊन स्वतंत्रपूरही पाहून यावे. सत्ता सोडणाऱ्यांची खूण तिथे दिसते.